भय आणि धोका: विमानप्रवासाच्या निमित्ताने एक धम्म-अभ्यास





आपल्यापैकी बहुतेकांचे घर दोन देशांत वाटलेले आहे. आई-वडील नागपूरला, अकोल्याला किंवा नांदेडला. मुले आणि नातवंडे इथे ब्रिटनमध्ये. या दोन घरांमधला रस्ता आकाशातून जातो. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनच्या गॅटविक विमानतळाकडे निघालेले विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरील १९ जण मरण पावले. आपण नेहमी ये-जा करतो त्याच वाटेवरची ही घटना असल्याने ती दूरची बातमी राहिली नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जायचे की नाही, आईला इकडे बोलवायचे की नाही, असे निर्णय त्यानंतर भयाच्या सावलीत होऊ लागले.

म्हणून आजच्या पाठाचा प्रश्न असा: भय वाटणे आणि धोका असणे ही एकच गोष्ट आहे का?

१. भय काय सांगते?

विमान हलले की छाती धडधडते, तळहातांना घाम येतो, श्वास वर चढतो. ही दुःखद वेदना आहे आणि ती खरी आहे. तिला खोटी म्हणून हिणवू नये. पण ती आपल्या शरीराची अवस्था सांगते, विमानाच्या पंखांची नाही. या दोहोंची गल्लत झाली की मन म्हणते, "मला इतकी भीती वाटते, म्हणजे नक्की काहीतरी होणार."

विमानाचे भय मोठे का वाटते, यालाही कारणे आहेत. तिथे सुकाणू आपल्या हातात नसते. अपघात झाला तर एकाच वेळी अनेक माणसे जातात. त्याची दृश्ये आठवडाभर फोनवर फिरत राहतात. रस्त्यावर माणसे एकेकटी मरतात, आणि त्यांची बातमी गावाच्या वेशीबाहेर जात नाही.

२. आकडे काय सांगतात?

विमान कंपन्यांची जागतिक संघटना 'आयाटा' हिच्या नोंदीप्रमाणे २०२४ मध्ये जगभर सुमारे ४ कोटी ६ लाख उड्डाणे झाली. त्यांपैकी ७ अपघातांत जीवितहानी झाली आणि विमानातील २४४ जण मरण पावले. म्हणजे साधारण ५८ लाख उड्डाणांमागे असा एक अपघात. अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक अर्नोल्ड बार्नेट यांनी २०१८ ते २०२२ या काळाचा हिशेब मांडला. प्रवासी एकदा विमानात बसला, तर त्याच्या मृत्यूची शक्यता सुमारे १ कोटी ३७ लाखांत एक. १९६८ ते १९७७ या काळात ती साडेतीन लाखांत एक होती.

आता जमिनीवर पाहू. भारत सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण मरण पावले. रोजचे सरासरी ४६० हून अधिक. तेव्हा लंडन ते मुंबई या प्रवासाची धास्ती घेणाऱ्याने पुढच्या टप्प्याचाही विचार करावा. मुंबईत उतरून, झोपेला आलेल्या चालकाच्या गाडीत, मागच्या सीटवर पट्टा न लावता रात्रीतून गावी जाणे, हा त्या प्रवासातला अधिक जोखमीचा भाग आहे. तिथे मात्र आपण निवांत डुलकी घेतो.

धोका शून्य आहे, असा याचा अर्थ नाही. अहमदाबादच्या शोकाकुल कुटुंबांसमोर आकडे वाचून दाखवणे ही प्रज्ञाही नव्हे आणि करुणाही नव्हे. आकडे असतात ते आपल्या निर्णयासाठी.

३. भयाने घेतलेला निर्णय

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत अनेकांनी विमान टाळून लांबच्या प्रवासासाठी मोटार काढली. जर्मन मानसशास्त्रज्ञ गर्ड गिगरेंझर यांनी पुढच्या बारा महिन्यांतील रस्ते अपघात तपासले. या बदलामुळे रस्त्यावर सुमारे १,५०० जादा माणसे मरण पावली, असा त्यांचा अंदाज आहे. ही माणसे सुरक्षितता शोधत होती. भयाने त्यांना कमी धोक्याकडून जास्त धोक्याकडे नेले.

भय अंधश्रद्धेकडेही नेते. अहमदाबादच्या अपघातात वाचलेले एकमेव प्रवासी '११ ए' या जागेवर होते. लगेच त्या क्रमांकाला शुभ ठरवणारी चर्चा सुरू झाली. पण वेगवेगळ्या विमानांत '११ ए' ही जागा वेगवेगळ्या ठिकाणी असते. क्रमांकात संरक्षण शोधणे हे ताईत बांधण्यासारखेच आहे. बाबासाहेबांनी आपल्याला त्यातून बाहेर काढले, ते पुन्हा विमानात जाऊन बांधण्यासाठी नाही.

४. सुरक्षितता कुठून आली?

ती कारणे शोधून आली. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाकस्तानच्या विमानांची टक्कर झाली आणि ३४९ जण मरण पावले. आखातात कामाला निघालेले अनेक भारतीय त्यात होते. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आले होते, असे चौकशीत आढळले. त्यानंतर दिल्लीला येणाऱ्या आणि दिल्लीहून जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले. समोरचे विमान जवळ येताच वैमानिकाला सावध करणारी 'टीकास' यंत्रणा भारतात सक्तीची झाली.

विमान अपघाताच्या चौकशीचा आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे की, हेतू दोष देण्याचा नसून पुढचा अपघात टाळण्याचा असावा. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर करता येते. ही विचारपद्धती आपल्या ओळखीची आहे.

५. भयभेरव सुत्ताची शिकवण

मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात तथागत जाणुस्सोणि ब्राह्मणाला आपला संबोधीपूर्वीचा अनुभव सांगतात. ते रात्री मुद्दाम भीतिदायक वनात राहत. एखादे हरिण जवळ येई, मोर काटकी पाडी, वाऱ्याने पाने सळसळत, आणि भय उभे राही. तेव्हा त्यांनी ठरवले की, ज्या स्थितीत असताना भय येईल त्याच स्थितीत राहून त्याला शांत करायचे. चालताना आले तर चालतच, बसलेले असताना आले तर बसूनच.

दोन गोष्टी लक्षात घेऊ. भय वाटणे हा कमीपणा नाही. बोधिसत्त्वालाही ते वाटले. आणि आवाज आला की पळायचे नाही, तो कशाचा आहे ते पाहायचे. त्या रात्री तो मोर होता.

६. प्रवासातील साधना

• आवाज ओळखा. उड्डाणानंतर होणारा 'धप्प' आवाज चाके आत घेतल्याचा असतो. थोड्या वेळाने इंजिनाचा जोर कमी केला जातो, तेव्हा खाली पडल्यासारखे वाटते. पण विमान वर चढतच असते.

• हेलकाव्यांना घाबरून उठू नका. अपेक्षित कमाल भाराच्या दीडपट भार विमानाच्या रचनेने पेलला पाहिजे, असा नियम आहे. हेलकाव्यांत इजा होते ती मुख्यतः पट्टा न लावलेल्यांना. बसलेले असताना पट्टा लावलेलाच ठेवा.

• आनापान करा. श्वास आत, श्वास बाहेर. "भय आहे" एवढीच नोंद घ्या. "आता काय होईल" ही पुढची गोष्ट मनाने रचलेली असते.

• भीती घालवायला मद्य घेऊ नका. पाचवे शील विमानातही लागू आहे, आणि संकटसमयी शुद्धीवरचा माणूसच स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या कामी येतो.

• सूचना नीट ऐका. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर धावपट्टीवर दुसऱ्या विमानाशी टक्कर होऊन पेटलेल्या जपानी प्रवासी विमानातून सर्व ३७९ जण जिवंत बाहेर पडले. तटरक्षक दलाच्या त्या दुसऱ्या विमानातील पाच जण मात्र वाचले नाहीत.

• भीती इतकी असेल की तिकीटच काढवत नाही, तर उपचार घ्या. या भयावर बोलण्यातून आणि हळूहळू सराव करून चांगला उपाय होतो. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या समुपदेशन सेवेकडे स्वतःहून नाव नोंदवता येते. ध्यान आणि उपचार यांत विरोध नाही.

चिंतनासाठी प्रश्न

१. भयामुळे मी कोणती भेट पुढे ढकलली आहे? ती व्यक्ती किती वर्षांची आहे?

२. मला ज्याचे भय वाटत नाही, पण जिथे धोका आहे, अशी माझी रोजची सवय कोणती?

३. घरातील कोणी "भीती वाटते" म्हणाले, तर मी हसतो, रागावतो, की ऐकून घेतो?

विमान उशिरा सुटले तरी पोहोचते. वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या आई-वडिलांचे आयुष्य मात्र आपल्या धीराची वाट पाहत थांबत नाही. जायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. तो निर्णय भयाने न करता प्रज्ञेने करावा, एवढेच.

सर्वांचे मंगल होवो. सर्वांचा प्रवास सुखाचा होवो.