इकबालांची 'खुदी' आणि ईश्वर

मुहम्मद इकबाल (१८७७–१९३८) आपल्याला बहुधा 'तराना-ए-हिंदी'चे कवी म्हणूनच परिचित असतात. परंतु केंब्रिजमध्ये मॅक्टॅगर्ट यांच्यापाशी शिकलेले आणि म्युनिकची डॉक्टरेट मिळविलेले ते तत्त्वचिंतकही होते. १९१५ साली त्यांच्या 'असरार-ए-खुदी' या फार्सी काव्याने मोठे वादळ उठविले.

'खुदी' हा शब्द तोवर निंदेचाच होता. खुदी म्हणजे अहंता, घमेंड. 'मी'पण विरावे, थेंबाने सागरात मिसळावे, ही सूफी कवींची शिकवण. संतवाङ्मयाच्या वाचकाला ती परकी वाटणार नाही. इकबालांनी ती उलटविली. थेंबाने सागरात राहून मोती व्हावे, असा त्यांचा आग्रह!

त्यासाठी प्रथम ईश्वराचे स्वरूप ठरविणे भाग होते. मद्रास, हैदराबाद व अलीगढ येथील त्यांची व्याख्याने १९३० मध्ये ग्रंथरूपाने आली. त्यांतील तिसऱ्यात ते ईश्वराला 'परम अहं' म्हणतात. सर्वत्र पसरलेले निराकार तत्त्व नव्हे. ईश्वराने कोणाला जन्म दिला नाही व तो कोणापासून जन्मला नाही, असे कुराणाचा ११२वा अध्याय सांगतो. इकबाल याचा अर्थ बर्गसाँच्या साहाय्याने लावतात. प्रजननात जीवाचा एक अंश तुटून निराळा होतो. ज्याच्यातून काहीच तुटत नाही, तोच पूर्ण व्यक्ती. (जुन्या भाष्यकारांना हे कितपत रुचले असते, कोण जाणे!)

ईश्वर व्यक्ती असेल, तर माणसाचे व्यक्तित्वही भ्रम ठरत नाही. ९२२ मध्ये बगदादला देहान्त भोगलेल्या हल्लाजचा 'अनल्हक' हा उद्गारही इकबालांच्या मते विलीन होण्याचा नव्हे, तर मानवी 'मी'च्या सत्यतेचा आहे.

मग सर्वज्ञ ईश्वराला आपली उद्याची कृती आजच ठाऊक असते काय? तसे असेल तर स्वातंत्र्य संपलेच. इकबाल म्हणतात, भविष्य ही आखून ठेवलेली रेघ नसून खुली शक्यता आहे. स्वतंत्र जीव निर्मून ईश्वराने आपण होऊन स्वतःला मर्यादा घातली. अमरत्वदेखील जन्मसिद्ध नाही, ते कर्माने मिळवावयाचे.

तथापि, माझी एक शंका उरतेच. सारे जीव परम अहंच्याच प्रवाहात राहत असतील, तर दुष्ट कृत्यही त्याच्यातच घडते ना? याचे इकबालांनी दिलेले उत्तर मला पुरेसे वाटत नाही. प्रार्थनेविषयी मात्र ते अधिक खोल उतरतात. विश्वाच्या भयाण शांततेत माणसाला प्रतिसाद हवा असतो, आणि हाक मारणारा व ऐकणारा एकच असतील, तर हाकेला अर्थ कसला?