संघ, राज्य आणि आपले हक्क

"सरकारने दिले नाही," असे आपण सहज म्हणतो. पण कोणत्या सरकारने? भारतीय संविधानाने सत्ता संघ व राज्ये यांत वाटली आहे. सातव्या अनुसूचीत तीन सूची आहेत. संरक्षण संघसूचीत, पोलीस राज्यसूचीत. समवर्ती सूचीतील विषयांवर दोघांनाही कायदे करता येतात. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आले.

ही वाटणी आपल्या समाजाने सोसली आहे. अनुच्छेद ३४१ नुसार अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरते आणि तिच्यात बदल फक्त संसद करू शकते. १९५० च्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. म्हणून १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या सवलती धोक्यात आल्या. १९६० साली महाराष्ट्र स्थापन झाल्यावर राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या. परंतु केंद्राच्या नोकऱ्यांतील राखीव जागा राज्याला देता येईनात. त्यासाठी १९९० साली संसदेला कायदा करावा लागला. या ३४ वर्षांत एक पिढी त्या जागांना मुकली.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा खर्चही वाटलेला आहे. २०२०-२१ पासून महाराष्ट्रात केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के ठरला.

विद्यार्थी मित्रांनो, निवेदन लिहिण्यापूर्वी विषय कोणाच्या अखत्यारीत आहे ते पाहावे. आमदार आणि खासदार, दोघेही आपल्याच मताने निवडून जातात. कोणाला काय विचारायचे, हे आपण आधी शिकू या.