सद्गृहस्थांचा शब्द आणि विमानाचे दार

इतिहासाचा अभ्यास करताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो : संकट ओढवले ते कोणाला काही कळले नव्हते म्हणून, की कळूनही कोणी हलले नाही म्हणून? विमानांच्या रचनेतील दोषांच्या इतिहासात दोन्ही प्रकारची उदाहरणे सापडतात. १९५४ साली ‘कॉमेट’ जातीची दोन ब्रिटिश जेट विमाने तीन महिन्यांच्या अंतराने इटलीजवळच्या समुद्रात कोसळली. हवेचा दाब वारंवार कमीजास्त झाल्याने धातूला शीण येतो आणि तो तडकतो, याची पुरेशी जाण त्या काळी नव्हती. फार्नबरो येथे विमानाचे सबंध धड पाण्याच्या टाकीत ठेवून, आतील दाब हजारो वेळा चढवून-उतरवून ते कारण शोधावे लागले. तेथे अज्ञान होते असे म्हणता येते. अमेरिकेतील डीसी-१० विमानाच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही, म्हणूनच ते प्रकरण अधिक अभ्यासण्याजोगे आहे.

आधी दोष कोणता होता ते पाहू. उंचावर बाहेरची हवा विरळ असते, म्हणून विमानाच्या आत दाब राखावा लागतो. आपल्या घरी ज्या प्रेशर कुकरचे झाकण आतून बसते, त्यात वाफेचा जोर जितका वाढतो तितके झाकण अधिक घट्ट होते. विमानाची बहुतेक दारे याच तत्त्वावर केलेली असतात. डीसी-१० च्या मागील सामानकक्षाचे दार मात्र बाहेर उघडणारे होते. त्यामुळे आतील दाब दार बंद ठेवण्यास मदत करण्याऐवजी ते उघडू पाहत असे आणि तो सगळा भार आकड्यांवर पडे. आकडे विजेच्या मोटरीने फिरून बसत. ते पूर्ण बसले की बाहेरील दांडा दाबायचा आणि कुलपाच्या पिना सरकवायच्या, अशी योजना होती. परंतु आकडे अर्धवट बसलेले असतानाही जोर लावल्यास आतील सळ्या वाकून दांडा खाली येत असे. बाहेरून पाहणाऱ्याला दार बंद झालेले दिसे.

दुसरा दोष अधिक घातक होता. सामानकक्षाच्या वर प्रवाशांची जमीन आणि त्याच जमिनीतून शेपटीकडे जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा. खालचे दार उडाले की खालचा दाब क्षणात नाहीसा होतो, वरचा तसाच राहतो आणि जमीन खाली कोसळते. १९७० साली कारखान्यातील दाबचाचणीत दार उडून जमीन नेमकी अशीच कोसळली होती. तेव्हा विमान प्रवाशांच्या सेवेत आलेलेही नव्हते.

१२ जून १९७२ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचे डीसी-१० विमान डेट्रॉईटहून बफेलोकडे निघाले. दार बंद होईना, तेव्हा सामान चढवणाऱ्या कामगाराने गुडघ्याचा जोर लावून दांडा बसवला होता. कॅनडातील विंडसर शहराच्या वर दार उडाले आणि जमिनीचा काही भाग खचला. विमानात केवळ ६७ माणसे होती, भार कमी होता, काही तारा शाबूत राहिल्या. कॅप्टन ब्राइस मॅकॉर्मिक यांनी विलक्षण कौशल्याने विमान डेट्रॉईटला परत उतरवले. एकही जीव गेला नाही.

इतका स्पष्ट इशारा क्वचितच मिळतो. अपघातांचा तपास करणाऱ्या नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने दोन गोष्टी सुचवल्या : आकडे पूर्ण बसल्याशिवाय दांडा बंदच होऊ नये अशी रचना करा आणि दाब निघून जाण्यासाठी जमिनीत झरोके ठेवा. बोर्डाला शिफारस करता येते, आज्ञा देता येत नाही. आज्ञेचा अधिकार फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनचा. त्या खात्याच्या पश्चिम विभागातील अधिकाऱ्यांनी बंधनकारक आदेशाची तयारी चालवली होती. परंतु खात्याचे प्रमुख जॉन शेफर आणि डग्लस कंपनीचे अध्यक्ष जॅक्सन मॅकगोवेन यांच्यात दूरध्वनीवर बोलणे झाले आणि आदेश निघाला नाही. कंपनी आपण होऊन सर्व्हिस बुलेटिन काढील व दुरुस्त्या करून घेईल, असे ठरले. इतिहासात हा ‘सद्गृहस्थांचा करार’ म्हणून नोंदला गेला आहे. आदेश मोडणे हा गुन्हा ठरतो. बुलेटिन ही केवळ सूचना. बलवानांच्या सदिच्छेवर दुर्बलांचे संरक्षण सोपवू नये, ते कायद्यात लिहून घ्यावे, हा बाबासाहेबांचा आग्रह ज्यांनी अभ्यासला आहे त्यांना या कराराचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

विंडसरनंतर अवघ्या पंधरा दिवसांनी, २७ जून १९७२ रोजी, या विमानाचे धड बनवणाऱ्या कॉन्व्हेअर कंपनीतील अभियंता डॅन ॲपलगेट यांनी वरिष्ठांना टिपण लिहिले. ही दारे पुढेही उघडणार आणि तसे झाले की बहुधा विमानच हातचे जाणार, असा त्याचा आशय होता. वरिष्ठांनी ते डग्लसकडे पाठवले नाही. दुरुस्तीचा खर्च कोणाच्या माथी बसेल, हा त्यांचा प्रश्न होता. ॲपलगेट यांच्या तर्कात दोष आहे, असे त्यांचे म्हणणे नव्हते!

पुढील विमान होते तुर्की एअरलाइन्सचे. ते डिसेंबर १९७२ मध्ये, म्हणजे विंडसरनंतर सहा महिन्यांनी, सुपूर्द झाले. सळ्या वाकू नयेत म्हणून बसवायची आधारपट्टी त्यात बसवलेलीच नव्हती. कारखान्याच्या कागदांवर मात्र ती बसवल्याचे तपासनिसांचे शिक्के होते. राज्यघटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट असतील तर ती वाईटच ठरेल, या अर्थाचा इशारा बाबासाहेबांनी संविधान सभेत दिला होता. कायदा हवा, हे अर्धे सत्य. उरलेले अर्धे त्या शिक्क्यात आहे. आपल्या विद्यालयाचे अनेक माजी विद्यार्थी आज अभियंते, पर्यवेक्षक, लेखापाल आहेत. रोज कशाखाली तरी त्यांची सही जाते. त्यांनी हा परिच्छेद सावकाश वाचावा.

३ मार्च १९७४. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून ते विमान लंडनकडे उडाले. ब्रिटनमधील संपामुळे ऐन वेळी अनेक प्रवासी त्यात चढले होते. काही मिनिटांत दार उडाले, जमीन कोसळली, तारा तुटल्या आणि सुमारे सव्वा मिनिटात विमान एर्मनोंव्हिलच्या अरण्यात आदळले. ३४६ माणसे मेली. तोवर जगातील कोणत्याही विमान अपघातात इतके बळी गेले नव्हते.

त्यानंतर बोट कोणाकडे दाखवले गेले? दार लावणाऱ्या कामगाराकडे. तो अल्जीरियातून पोट भरायला आलेला माणूस. दारावरील सूचना इंग्रजी आणि तुर्की भाषेत होत्या. त्या दोन्ही त्याला वाचता येत नव्हत्या. त्याने शिकवल्याप्रमाणे दांडा खाली केला आणि दांडा सहज खाली आला. पिना बसल्या की नाही हे छोट्या काचेतून पाहणे हे त्याचे काम नव्हते. रचना करणारे, दूरध्वनीवर शब्द देणारे-घेणारे, टिपण दडपणारे आणि शिक्का मारणारे असे सगळे सोडून दोष उतरंडीच्या सर्वांत खालच्या माणसावर येऊन थांबावा, ही रीत आपल्याला अनोळखी नाही. बुद्धाने शिकवलेला प्रतीत्यसमुत्पाद कारणांची अख्खी साखळी पाहायला लावतो. शेवटची कडी हातात धरून बाकीच्या विसरणे त्यात बसत नाही.

बंधनकारक आदेश मार्च १९७४ मध्येच निघाला. जमिनीतील झरोक्यांसाठी १९७५ साल उजाडले. तो नियम इतर कंपन्यांच्या मोठ्या विमानांनाही लागू झाला.

अलीकडे ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्स ९ विमानाच्या भिंतीतील, दाराच्या जागी बसवलेला भाग उडाला. सुदैवाने कोणी दगावले नाही. या वेळी त्याच खात्याने दुसऱ्याच दिवशी सुमारे १७१ विमाने जमिनीवर उभी करण्याचा आदेश काढला. तपासात आढळले की तो भाग धरून ठेवणारे चार बोल्ट जागेवर नव्हते. कारखान्यात दुरुस्तीसाठी तो भाग उघडला गेला होता. तो उघडल्याची नोंदच केलेली नव्हती, त्यामुळे बोल्ट परत बसवले की नाही हे तपासायला कोणी आले नाही.