देवावरील प्रीती आणि चार दिवसांची मजुरी

शास्त्रपाठ : योहान १४:१५-२४, लेवीय १९:९-१८, १ योहान ३:१६-१८





या अंकासाठी ‘देवावरील प्रीती’ या विषयावर पाठ लिहावा असे मला सांगण्यात आले, तेव्हा मी लगेच होकार दिला. महिला संघात हा विषय मी कितीतरी वेळा घेतला आहे. पण लिहायला बसले तेव्हा ध्यानात आले की या विषयाचा खरा धडा मला माझ्याच स्वयंपाकघरात, भांड्यांच्या मोरीपाशी मिळाला होता. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मी नवी मुंबईच्या टोकाला, नवीन पनवेलमध्ये राहते. शाळेतून निवृत्त होऊन काही वर्षे झाली. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई पनवेल तालुक्यातल्या एका कातकरी वाडीतली आहे. तिचे नाव इथे देत नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिचा मुलगा तापाने आजारी पडला आणि ती चार दिवस आली नाही. महिनाअखेर मी चार दिवसांचे पैसे कापून बाकीचे तिच्या हातात ठेवले. तिने ते मोजलेही नाहीत. एवढेच विचारले, “बाई, पोराच्या औषधाला लई पैसं गेलं. पुढच्या महिन्याचं थोडं आधी द्याल का?”

मी म्हणाले, “आगाऊ द्यायची आमच्याकडे पद्धत नाही गं.”

“बरं,” ती म्हणाली आणि उरलेली भांडी घासायला बसली.

पुढच्याच रविवारी आमच्या मंडळीत मिशनकार्यासाठी विशेष दानार्पण होते. आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी मी पाकिटात जी रक्कम घातली, ती कापलेल्या पैशांच्या कितीतरी पट होती. ती मी मनापासून दिली होती, हेही खरे आहे.

दिवाळीनंतर ती कामाला आली नाही. तिच्या वाडीतल्या दुसऱ्या एका बाईकडून कळले की, पावसाळ्यातच तिच्या नवऱ्याने वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतली होती. उचल घेतली की हंगामाला भट्टीवर जावेच लागते. नवराबायको जोडीने जातात, आणि मागे सांभाळायला कोणी नसले की मुलेही बरोबर जातात. तिचा मुलगा तिसरीत होता. आदिवासी मुलांच्या शाळेसाठी मी पाकीट भरले, आणि माझ्याच घरी राबणाऱ्या बाईचा मुलगा पुढचा पाऊस येईपर्यंत शाळेबाहेर राहिला.

माझ्या त्या पैशांनी उचल टळली असती, असे मी म्हणू शकत नाही. पण तिने आधी मला विचारले होते, एवढे मला ठाऊक आहे.

१. प्रभूने सांगितलेली खूण

शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशू शिष्यांशी प्रीतीविषयी बोलला. योहानाच्या चौदाव्या अध्यायातील १५, २१, २३ आणि २४ ही वचने ओळीने वाचून पाहा. चारही ठिकाणी प्रीती आणि आज्ञापालन यांची जोडी आहे. ज्याची प्रभूवर प्रीती आहे तो त्याचे वचन पाळतो, आणि ज्याची नाही तो पाळत नाही. उपासनेत डोळ्यांत आलेले पाणी किंवा गीत गाताना भरून आलेला ऊर यांना प्रभूने खूण म्हटलेले नाही. त्या गोष्टी चांगल्या आहेत, पण खूण दुसरी आहे.

हे शब्द बोलण्यापूर्वी थोड्याच वेळाने प्रभूने काय केले होते, तेही विसरू नये. तेराव्या अध्यायात त्याने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. जे काम घरातल्या चाकराचे, ते त्याने स्वतः केले. पुनरुत्थानानंतर समुद्रकिनारी त्याने पेत्राला तीनदा प्रीतीविषयी विचारले, आणि तीनही वेळा पेत्राने ‘होय’ म्हणताच त्याच्यावर मेंढरांची काळजी सोपवली (योहान २१:१५-१७). प्रीतीची कबुली दिली की लगेच कोणाची तरी जबाबदारी हाती येते.

आपल्या भाषेतला ‘पाळणे’ हा शब्द मला इथे फार उपयोगी वाटतो. आपण शब्द पाळतो, वेळ पाळतो आणि शेळीही पाळतो. शेळी पाळणाऱ्याला रोज पाला आणावा लागतो. ‘कालच भरपूर घातला होता’ हे उत्तर शेळीला चालत नाही. आज्ञा पाळणे हेही तसेच रोजचे काम आहे. मिशन रविवारचे पाकीट सोमवारच्या आज्ञेला पुरत नाही.

२. आज्ञेच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो

सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे शास्त्र्याने विचारले तेव्हा प्रभूने दोन आज्ञा सांगितल्या : देवावर पूर्ण अंतःकरणाने प्रीती करावी, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी (मार्क १२:२८-३१). यातली दुसरी लेवीय १९:१८ मधून घेतलेली आहे. ती आपल्याला तोंडपाठ असते. तिच्या आधीची वचने मात्र आपण क्वचितच वाचतो.

त्या वचनांत काय आहे? पीक कापताना शेताच्या कडा गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडाव्यात. चोरी करू नये, खोटे बोलू नये. बहिऱ्याला शाप देऊ नये, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये. आणि तेराव्या वचनात मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये अशी आज्ञा आहे. शेजाऱ्यावरील प्रीतीची महान आज्ञा याच्या अवघी पाच वचने पुढे येते. देवाला प्रीती म्हणजे काय अभिप्रेत आहे, ते त्याने मजुरीपासून समजावत आणले आहे.

अनुवाद २४:१४-१५ मध्ये कारणही दिले आहे. मजूर गरीब असतो, त्याचे मन त्या पैशांकडे लागलेले असते आणि तो परमेश्वराकडे गाऱ्हाणे करील. याकोबाच्या पत्रात (५:४) तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, आणि तो आवाज परमेश्वराच्या कानी जातो. ज्या आठवड्यात मी दान दिले, त्याच आठवड्यात माझ्या घरातूनही असा आवाज वर गेला असेल, या विचाराने मी फार अस्वस्थ झाले.

कोणी म्हणेल, खाडा झाला की पैसे कापतातच. त्यात चूक काय? मीही स्वतःला हेच सांगितले होते. पण ज्या घरात शिल्लक काहीच नसते, तिथे चार दिवसांची मजुरी म्हणजे औषध किंवा उचल, असा प्रश्न असतो. रायगड, ठाणे, पालघर या भागांतील कातकरी समाजाला हे चांगले माहीत आहे. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. जंगलावरचा तो व्यवसाय सुटला, शेतजमीन बहुतेकांच्या नावावर नाही, आणि पुष्कळ वाड्या दुसऱ्याच्या जागेत वसलेल्या आहेत. सरकारने या समाजाची नोंद विशेष दुर्बल आदिवासी गटात केली आहे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, तरी उचलीच्या बोलीवर कुटुंबेच्या कुटुंबे दिवाळीनंतर भट्ट्यांवर जातात. भट्टीतली वीट कोणाच्या तरी घराच्या भिंतीत लागते. आपणही भिंतींच्या आतच राहतो.

३. पंडिता रमाबाईंची वाट

आज्ञापालनाचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये असताना फुलम येथे ख्रिस्ती भगिनींचे कार्य पाहिले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना त्या भगिनी जवळ करत होत्या. हे कशामुळे, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्री आणि येशू यांची हकिकत वाचून दाखवण्यात आली (योहान ४). ख्रिस्ताकडे त्यांचे मन वळण्यात या गोष्टीचा मोठा वाटा होता. १८८३ साली वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले.

पण बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त मिळालेला नाही. हे त्यांनी आपल्या साक्षीत स्वतः लिहून ठेवले आहे. ज्या विदुषीच्या संस्कृत ज्ञानाला कलकत्त्याच्या पंडितांनी मान दिला होता, तिने हे नम्रतेने कबूल केले. आपण उपासनेला नेमाने जाणाऱ्यांनी ही कबुली मनाला लावून घेण्यासारखी आहे.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मरत होती. रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून माहीत नव्हता. त्यांच्या तरुणपणी आई, वडील आणि मोठी बहीण यांना भुकेनेच नेले होते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना व विधवांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर नेले. तिथेच मुक्ती उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी शेकडो मुली आल्या.

‘आमच्याकडे पद्धत नाही’ असे म्हणायला रमाबाईंकडे माझ्यापेक्षा खूप चांगली कारणे होती. जागा अपुरी होती, पैसा अपुरा होता, साथ चालू होती. तरी त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, हातमाग, तेलघाणी आणि छापखाना चालवला, आणि अंध स्त्रियांसाठी वेगळे सदन काढले. साध्या बाईलाही कळावे म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, आणि ते मुक्तीतल्या स्त्रियांच्या हातून छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. त्यांची देवावरील प्रीती किती होती हे मोजायचे तर केडगावच्या विहिरी आणि चुली बघाव्या लागतील.

४. आज्ञापालनाने तारण विकत मिळते काय?

नाही. सीनाय पर्वतावर देवाने आज्ञा दिल्या, त्याआधी त्याने आपल्या लोकांना मिसरातून सोडवून आणले होते (निर्गम २०:२). आधी सुटका, मग आज्ञा. जक्कयाचेही तसेच (लूक १९:१-१०). प्रभू आधी त्याच्या घरी उतरला, आणि मग जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे ठरवले. कृपा घरात आली की घरातला हिशेब बदलतो. हिशेब तसाच राहिला असेल, तर पाहुणा खरोखर आत आला आहे का, ते तपासावे.

५. आपल्या घरी, आपल्या गल्लीत

जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर ते कुटुंब परतले. मी वाडीवर गेले. चार दिवसांचे पैसे तिच्या हातात ठेवले आणि म्हणाले, “माझं चुकलं.” ती संकोचून हसली. “त्यात काय बाई,” म्हणाली. थोडा वेळ गप्प राहिली आणि मग हळूच म्हणाली, “तवा लई गरज होती.” हे वाक्य मी विसरू शकत नाही आणि विसरूही नये.

आता ती पुन्हा कामाला येते. महिन्यातून चार दिवस भरपगारी सुट्टी आम्ही ठरवली आहे, आणि अडचणीला बिनव्याजी आगाऊ रक्कम मिळते. ती वहीत लिहिलेली असते. मुलगा शाळेत जातो, पण बुडालेले वर्ष भरून आलेले नाही. अजून अडखळत वाचतो. शनिवारी दुपारी तो माझ्याकडे वाचायला बसतो. यात माझा मोठेपणा काही नाही, कारण हे सारे आधीच व्हायला हवे होते.

वाचकहो, आपणही आपापले घर तपासू या. कामाच्या बाईचा पगार ठरल्या तारखेला होतो का? तिच्यासाठी आपण वेगळा कप ठेवला आहे का? पावसाळ्यात टाकळा, कंटोळी घेऊन बाजारात बसलेल्या आदिवासी बाईशी आपण पाच रुपयांसाठी घासाघीस करतो का, आणि दुकानात मात्र छापील किंमत मुकाट्याने देतो का? आपल्यापैकी जे बांधकामाच्या व्यवसायात आहेत, त्यांना आपल्या विटा कोणत्या भट्टीवरून येतात आणि तिथली मुले शाळेत जातात का, हे माहीत आहे का?

मिशनकार्याला देणे थांबवा, असे मी म्हणत नाही. परुशी पुदिन्याचाही दशमांश देत, पण न्याय व दया सोडून देत. प्रभूने त्यांना एक करावे आणि दुसरेही सोडू नये असे सांगितले (मत्तय २३:२३). पाकीट द्यावेच, आणि मजुरीही पुरी द्यावी.

मननासाठी प्रश्न

१. योहान १४:१५-२४ वाचा. या आठवड्यात प्रभूची कोणती एक आज्ञा मी जाणूनबुजून पुढे ढकलली?

२. लेवीय १९:९-१८ मधील कोणती आज्ञा माझ्या घराला किंवा व्यवसायाला सर्वांत जास्त लागू पडते?

३. जक्कयाप्रमाणे मला कोणाला काही परत करायचे आहे का? कधी करणार, तो दिवस ठरवा.

प्रार्थना

हे प्रेमळ पित्या, तू आधी आमच्यावर प्रीती केलीस म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या ओठांवर तुझी स्तुती असताना आमच्या हातून गरिबाची मजुरी अडली असेल, तर आम्हांला क्षमा कर आणि ती परत करण्याचे धैर्य दे. वाड्यांवर, भट्ट्यांवर आणि आमच्याच घरांत राबणाऱ्या हातांना तू ओळखतोस. आम्हांलाही ओळखू दे. प्रभु येशूच्या नावाने मागतो, आमेन.