वीज पडलेली गाडी चालू झाली, म्हणजे दुरुस्त झाली का?

प्रश्न : परतीच्या पावसात सहस्रकुंडचा धबधबा पाहून आम्ही चौघे कारने इस्लापूरला येत होतो. वाटेत गाडीवर वीज पडली. आम्हाला काही झालं नाही, पण गाडी जागेवरच बंद पडली, टपावरची अँटेना वितळली आणि पुढचा एक टायर फुटला. मेकॅनिकने टायर आणि बॅटरी बदलली, दोन फ्यूज टाकले आणि गाडी चालू झाली. आठ दिवसांनी मात्र मीटरमधले दिवे आपोआप लागू लागले आणि पुढच्या चाकातून घुमल्यासारखा आवाज येतो. रबरी टायरमुळे तुम्ही वाचलात, असं सगळे म्हणतात. मग टायर फुटला कसा? आणि गाडीत अजून काय बिघडलं असेल? – एक वाचक, इस्लापूर, ता. किनवट

उत्तर : टायरची शंका तुम्ही बरोबर घेतलीत. ढगापासून जमिनीपर्यंत वीज येते ती काही किलोमीटर हवा फोडून. हवाही दुर्वाहकच. एवढं अंतर कापून आलेल्या विजेला शेवटचं वीतभर रबर अडवणार नाही. तुम्हाला वाचवलं ते गाडीच्या पत्र्याने. टप, खांब, दरवाजे हा चहूबाजूंनी जोडलेला धातूचा पिंजरा आहे. वीज त्याच्या बाहेरच्या अंगाने धावते आणि आतली जागा मोकळी राहते. मायकेल फॅरडे यांनी 1836 मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. तुमच्या गाडीवर पडलेली वीज टपावरून खाली आली आणि चाकाच्या रिमवरून जमिनीत शिरली. रेडियल टायरच्या पोटात पोलादी तारा असतात. त्या एकदम तापल्या आणि टायर फुटला. टायर हा विजेच्या वाटेवरच होता.

गाडीत कुणी पायाळू होतं का, असंही कुणी विचारलं असेल. जन्मताना पाय आधी आले म्हणून वीज कुणाकडे ओढली जात नाही. ती उंच आणि एकट्या वस्तूवर पडण्याचा संभव जास्त असतो, आणि सोयाबीन-कापसाच्या उघड्या रानातून जाणाऱ्या रस्त्यावर तशी वस्तू तुमची गाडीच असू शकते. मोटारसायकल किंवा उघड्या ट्रॅक्टरवर हा पत्र्याचा आसरा नसतो, हे मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

माणसं वाचली, मग यंत्रणा का बिघडली? गाडीची बॉडी हीच बॅटरीची ‘अर्थ’ असते. विजेचा प्रवाह साधारण 30,000 अँपिअरचा. तो ज्या पत्र्यातून गेला, त्याच पत्र्याला गाडीची सगळी वायरिंग जोडलेली आहे. जी वायर वाटेवर नव्हती तिच्यातही त्या प्रवाहाच्या चुंबकीय क्षेत्रामुळे क्षणभर मोठा दाब तयार होतो. बॅटरी 12 व्होल्टची आणि कित्येक सेन्सर तर 5 व्होल्टवर चालणारे. त्यांना हे सोसत नाही.

फ्यूजने हे थांबवायला नको होतं का? फ्यूजमधली पट्टी तापून वितळायला थोडा वेळ लागतो. विजेचा मुख्य झटका त्याआधीच आरपार गेलेला असतो. म्हणून फ्यूज शाबूत दिसला तरी पुढचं सुटं यंत्र जळलेलं असू शकतं, आणि फ्यूज बदलला म्हणजे पुढचं सगळं बरं झालं असंही नाही.

तुमच्या आठ दिवसांचं कोडंही इथेच सुटतं. काही चिप पूर्ण जळत नाहीत, अर्धवट दुखावतात आणि पुढे कधीतरी दगा देतात. वायरच्या आवरणाला बारीक भोकं पडली असतील, तर त्यातून ओल शिरते आणि तांब्यावर हिरवा गंज चढतो. चाकाचा आवाज बहुधा बेअरिंगचा आहे. वीज रिमकडे जाताना बेअरिंगच्या गोळ्यांतून ठिणगी मारत जाते, तिथे बारीक खड्डे पडतात आणि वेग वाढला की चाक घुमतं. असं बेअरिंग ग्रीस भरून सुधारत नाही, ते बदलावंच लागतं.

आता गाडी चालवणं थांबवा आणि ती उचलून सर्व्हिस सेंटरला न्या. तिथे स्कॅनर लावताना फक्त इंजिन तपासून भागणार नाही. एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टिअरिंग अशा प्रत्येक मोड्यूलचे कोड वाचायला सांगा. एखादं मोड्यूल उत्तर देत नसेल, तर ते मेलं असं ठरवण्याआधी त्याचा सप्लाय आणि अर्थ तपासायला हवा, नाहीतर एका जळक्या जोडापायी महागडा ईसीएम (इंजिनचा संगणक) बदलला जातो. जुन्या बाजारातला स्वस्त ईसीएम घेण्याचा मोह टाळा. इमोबिलायझर असलेल्या गाडीत किल्लीशी जुळणी झाल्याशिवाय इंजिन सहसा सुरू होत नाही. अल्टरनेटरचे डायोड आणि उरलेले तीन टायर आतून पाहून घ्या. एअरबॅगचा दिवा लागत असेल, तर तिच्या वायरला टेस्ट लॅम्प कुणालाही लावू देऊ नका, बॅग अंगावर फुटू शकते.

खर्चाचं म्हणाल, तर फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर त्यातून एक रुपयाही मिळणार नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असेल, तर त्यात आगीच्या जोडीनेच वीज पडण्याचाही उल्लेख असतो. टायर आणि बॅटरीवर मात्र निम्मी घट कापली जाते, ‘झिरो डेप’ घेतलेलं असलं तरी त्यात टायर-बॅटरी बहुधा धरत नाहीत, पॉलिसीत पाहून घ्या. दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या घोषित मूल्याच्या 75 टक्क्यांपुढे गेला, तर गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. विमा कंपनीला अजून कळवलं नसेल तर आजच कळवा. बिघडलेली गाडी चालवून वाढलेलं नुकसान कंपनी भरत नाही. आणि तो फुटलेला टायर, जुनी बॅटरी, वितळलेली अँटेना भंगारात देऊ नका. सर्व्हेअरला दाखवायला तुमच्याकडे तोच पुरावा आहे.