आधी क्रियापदाला विचार

आठवीच्या वर्गावर इंग्रजी शिकवायला निघाली आहेस, तर सगळ्यात आधी एक ऐक. पहिल्याच दिवशी फळ्यावर एस, व्ही, ओ ही अक्षरं लिहू नकोस. मुलं ती लगेच पाठ करतात आणि मग वाक्यातले शब्द डावीकडून मोजत सुटतात: पहिला शब्द कर्ता, दुसरा क्रियापद, उरलेलं सगळं कर्म. ‘ही केम येस्टरडे’ या वाक्यात मग ‘येस्टरडे’ कर्म होऊन बसतं. अक्षरं शेवटी येऊ देत. सुरुवात क्रियापदापासून करायची. हे मला माझ्या इंग्रजीच्या बाईंनी सांगितलं, त्यांना त्यांच्या हेडमास्तरांनी सांगितलं होतं.

मराठी माध्यमाच्या मुलाला वाक्याचा साचा ओळखणं अवघड का जातं, हे तुला कळलं पाहिजे. ‘रामाने रावणाला मारले’ म्हण किंवा ‘रावणाला रामाने मारले’ म्हण, मारणारा रामच राहतो. ‘ने’ आणि ‘ला’ शब्दाला चिकटलेले असतात, शब्द कुठेही बसला तरी त्याचं नातं त्याच्याबरोबर जातं. इंग्रजीत ‘ही’चं ‘हिम’ आणि ‘शी’चं ‘हर’ होतं, पण नामांना असं काहीही लागत नाही. ‘राम किल्ड रावण’ मधली नावं अदलाबदल केली की कथाच उलटी होते. विभक्तीचं काम तिथे जागा करते. आपल्या मुलाला जन्मापासून प्रत्यय ऐकायची सवय असते, जागा पाहायची नसते. म्हणून ही सवय त्याला सावकाश, रोज थोडी थोडी लावायची. त्याला मंद समजून चिडायचं नाही.

जागा कोणकोणत्या असतील, हे क्रियापद ठरवतं. आपल्या शास्त्रकारांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. वाक्यातून अर्थ कळायला आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन गोष्टी लागतात, असं अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त सांगितलं आहे. त्यातली आकांक्षा आपल्या कामाची. ‘आणतो’ म्हटलं की मन विचारतं, काय? ‘झोपतो’ म्हटलं की असं काही विचारत नाही. ‘ठेवतो’ म्हटलं की दोन प्रश्न उभे राहतात, काय आणि कुठे. इंग्रजीतल्या साच्यांच्या मुळाशी हीच आकांक्षा आहे. ‘स्लीप’ काही मागत नाही, ‘ब्रिंग’ एक मागतं, ‘पुट’ दोन मागतं. वर्गात आधी मराठी क्रियापदं घेऊन हा प्रश्नांचा खेळ खेळ. मुलं चटकन पकडतात, कारण उत्तर त्यांच्याच भाषेत असतं.

आता वाक्यातलं मुख्य क्रियापद शोधायचं कसं? वाक्याचा काळ बदलून बघ. ‘द बॉइज प्लेइंग ऑन द ग्राउंड आर माय स्टुडंट्स’ हे वाक्य घे. मुलं ‘प्लेइंग’वर बोट ठेवतात. त्यांना सांग, हेच वाक्य गेल्या वर्षीचं करा. ‘आर’चं ‘वेअर’ होतं, ‘प्लेइंग’ मात्र जागचं हलत नाही. जो शब्द काळाबरोबर बदलला, तिथे क्रियापद. ‘हॅव बीन वेटिंग’ अशी साखळी असेल तर ती पूर्ण एकच धरायची, तोडायची नाही.

कर्त्यासाठी त्या वाक्याचा प्रश्न करून बघ. ‘द बॉक्स ऑफ मँगोज इज हेवी’ याचा प्रश्न ‘इज द बॉक्स ऑफ मँगोज हेवी?’ असा होतो. ‘इज’ ज्याच्या आधी उडी मारून गेलं, तो सबंध शब्दसमूह कर्ता. मग त्या सबंध समूहाच्या जागी ‘इट’ ठेवायला लाव: ‘इट इज हेवी’. एका शब्दाच्या जागी नव्हे, सबंध समूहाच्या जागी. हे एकदा हातात बसलं की ‘मँगोज’ पाहून ‘आर’ लिहिण्याची सवयही मोडते. हीच युक्ती कर्मालाही चालते. ‘आय नो दॅट ही इज ऑनेस्ट’ मध्ये ‘दॅट’पासून शेवटपर्यंत सगळं काढून ‘इट’ ठेवता येतं, म्हणजे ते अख्खं उपवाक्य एका कर्माच्या जागी बसलंय.

त्यानंतर झाडून टाकण्याचं काम. जे काढलं तरी वाक्य उभं राहतं आणि क्रियापदाचा अर्थ तोच राहतो, ते पेन्सिलीने खोडायचं. ‘माय ब्रदर रीड्स द पेपर इन द व्हरांडा एव्हरी मॉर्निंग’ मधून व्हरांडा गेला, सकाळ गेली, तरी ‘माय ब्रदर रीड्स द पेपर’ धड उभं आहे. पण इथेच एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे नीट लक्ष दे. ‘ही लिव्ह्ज इन सातारा’ मधून ‘इन सातारा’ खोडलं तर ‘ही लिव्ह्ज’ उरतं. त्याचा अर्थ तो जिवंत आहे असा होतो, राहण्याचा अर्थ गेलाच. ‘शी पुट द की ऑन द टेबल’ मधून टेबल काढलं तर वाक्य लंगडंच पडतं. म्हणजे स्थळ दाखवणारे शब्द दर वेळी जादा नसतात. कधी कधी क्रियापदानेच ते मागितलेले असतात.

एखाद्या पुस्तकात पाच साचे दिसतील, एखाद्यात सात, याचं मुख्य कारण हेच. सी. टी. अनियन्स यांनी 1904 साली विधेयाचे पाच प्रकार मांडले. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्तविक यांच्या 1985 च्या मोठ्या व्याकरणात सात आहेत, कारण ‘लिव्ह्ज इन सातारा’ आणि ‘पुट द की ऑन द टेबल’ यांना तिथे स्वतंत्र घर मिळालं. मला सातच पटतात. मुलाने विचारलं, मॅडम, नक्की किती, तर सरळ सांग की मोजण्याची पद्धत वेगळी आहे, इंग्रजी तीच आहे.

आता सगळ्यात घोळाची जागा: कर्म की पूरक? ‘ही मेट अ पायलट’ आणि ‘ही बिकेम अ पायलट’ ही दोन वाक्यं दिसायला जुळी आहेत. इथे बरोबरच्या चिन्हाची कसोटी लाव. तो आणि पायलट एकच माणूस आहे का? भेटला त्यात दोन माणसं, झाला त्यात एकच. एकच असेल तर पूरक, दोन असतील तर कर्म. बहुतेक पुस्तकं कर्मणि प्रयोग करून बघायला सांगतात. ती कसोटी चांगली आहे, पण ‘ही हॅज अ सायकल’ला ती लागू पडत नाही, ‘अ सायकल इज हॅड’ कुणी म्हणत नाही. तरीही सायकल कर्मच आहे. म्हणून बरोबरचं चिन्ह आधी, कर्मणि नंतर.

पूरकात विशेषणंही येतात. ‘द मँगो टेस्ट्स स्वीट’ म्हणताना हुशार मुलं मुद्दाम ‘स्वीटली’ करतात, कारण क्रियापदानंतर ‘एलवाय’ लावायचं त्यांनी पाठ केलेलं असतं. त्यांना विचार, गोड कोण आहे? आंबा. मग तो शब्द आंब्याचं वर्णन करतोय, चाखण्याचं नाही. ‘लुक’, ‘फील’, ‘साउंड’, ‘स्मेल’ यांनाही हेच विचारायचं.

क्रियापदानंतर दोन नामं आली की मुलं गांगरतात. ‘शी मेड हिम टी’ आणि ‘द टीचर मेड हिम मॉनिटर’ ही दोन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिही. तो आणि चहा एक आहेत का? नाही, म्हणून दोन कर्मं. तो आणि मॉनिटर एक आहेत का? हो, म्हणून कर्म आणि कर्माचं पूरक. खात्री करायची तर पहिलं वाक्य ‘शी मेड टी फॉर हिम’ असं फिरवता येतं, दुसरं फिरत नाही. ‘गिव्ह’, ‘सेंड’, ‘शो’, ‘टीच’, ‘लेंड’ यांना फिरवताना ‘टू’ लागतो. ‘मेक’, ‘बाय’, ‘कुक’ यांना ‘फॉर’. दोन कर्मं ओळीने आली तर आधी कुणाला, मग काय, हा क्रम ठरलेला. आपली मुलं ‘आय गेव्ह टू हिम अ पेन’ लिहितात ती ‘त्याला’मधला ‘ला’ सोडवत नाही म्हणून. त्यांना सांग, ‘हिम’ क्रियापदाला खेटून बसला की ‘टू’ नको. मागे गेला की ‘टू’ हवा.

‘आय फाउंड द पेपर ईझी’ आणि ‘आय फाउंड द पेपर ईझीली’ ही जोडीही सोडू नकोस. पहिल्यात पेपर सोपा होता, दुसऱ्यात तो पटकन सापडला. पहिल्यात मध्ये ‘टू बी’ घालून बघता येतं, दुसऱ्यात येत नाही.

क्रियापदाला कायमचा शिक्का मारू नकोस, हे मात्र मी आग्रहाने सांगते. ‘ग्रो’ हे अकर्मक की सकर्मक, असं मुलं विचारतील. ‘राइस ग्रोज हिअर’ मध्ये भात आपोआप उगवतो. ‘दे ग्रो राइस’ मध्ये तो कर्म होतो. ‘ही ग्रू टायर्ड’ मध्ये तेच क्रियापद पूरक मागतं. प्रत्येक वाक्यात नव्याने विचारायचं: इथे, आत्ता, हे क्रियापद काय मागतंय?

आता मराठीतून येणाऱ्या अडचणी. या तुझ्या वर्गात रोज भेटतील. आपण एखाद्याशी लग्न करतो, म्हणून ‘मॅरीड विथ हिम’ होतं. आपण विषयावर चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’. पुण्याला पोचतो, म्हणून ‘रीच्ड टू पुणे’. प्रश्नाला उत्तर देतो, म्हणून ‘आन्सर टू द क्वेश्चन’. वर्गात शिरतो, म्हणून ‘एंटर इन द क्लास’. मराठीत इथे प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय आहे, इंग्रजी क्रियापदाला मात्र थेट कर्म हवं आहे, मधे काही नको. ही पाच क्रियापदं एका तक्त्यावर लिहून भिंतीवर लाव आणि वर्षभर तिथेच राहू दे. उलट प्रकारही आहे. ‘एक्स्प्लेन मी द सम’ मुलांना अगदी बरोबर वाटतं, कारण ‘टेल मी’ आणि ‘शो मी’ चालतात. पण ‘एक्स्प्लेन’ला दोन कर्मं ओळीने चालत नाहीत, ‘एक्स्प्लेन द सम टू मी’ असंच म्हणावं लागतं. ‘सजेस्ट’, ‘डिस्क्राइब’ आणि ‘से’ यांचंही तेच.

अर्थ सारखा म्हणून साचा सारखा, असं इंग्रजीत धरता येत नाही. ‘वाँट’ आणि ‘इंटेंड’ यांच्यानंतर ‘टू गो’ येतं म्हणून ‘सजेस्ट’नंतर येईल, असं नाही. ए. एस. हॉर्नबी यांनी आयुष्य याच कामात घातलं. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, हॅरल्ड पामर यांच्याबरोबर काम करत होते, आणि परक्या भाषेच्या विद्यार्थ्याला शब्दाच्या अर्थाइतकाच त्याचा साचा लागतो, हे त्यांनी ओळखलं. त्यांचा शब्दकोश आधी 1942 मध्ये जपानमध्ये निघाला, 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो काढला, आणि पुढे अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी म्हणून जगभर गेला. 1954 च्या त्यांच्या मार्गदर्शक पुस्तकात क्रियापदांचे 25 साचे आहेत. मुलांना 25 शिकवायचे नाहीत. पण तू स्वतः तो कोश टेबलावर ठेव. नव्या क्रियापदाचा अर्थ बघितलास की तिथेच थांबू नकोस. त्याच्यापुढे काय काय येतं हेही बघ आणि उदाहरणाचं वाक्य पूर्ण वाच. ‘प्रेफर’, ‘सप्लाय’, ‘अ‍ॅक्यूज’ अशा क्रियापदांना हे विशेष लागतं.

सरावाला वाक्यं कुठून घ्यायची, याचाही विचार कर. वर्तमानपत्राचे मथळे घेऊ नकोस, त्यातून ‘इज’ आणि ‘आर’ गळलेले असतात. सुरुवातीला कविताही नको, तिथे क्रम मोडलेला असतो. पाठ्यपुस्तकातला गोष्टीचा उतारा घे, त्यातली सलग पाच वाक्यं, निवडून काढलेली सोपी नव्हेत, जशी आहेत तशी. प्रश्नार्थक वाक्य आलं तर आधी सरळ करायला लाव: ‘व्हॉट डिड यू बाय?’ म्हणजे ‘यू बॉट व्हॉट’, आता कर्म दिसतं. ‘इन द कॉर्नर स्टुड अ‍ॅन ओल्ड ट्रंक’ अशा उलट्या वाक्यात ट्रंक पुढे आणायला सांग. एका वाक्यावर तीन मुलांना वेगवेगळं उत्तर देऊ दे आणि प्रत्येकाने आपली कसोटी फळ्यावर करून दाखवायची. कसोटी न करता नुसतं एस-व्ही-ओ-सी म्हणणाऱ्याला, उत्तर बरोबर आलं तरी, पूर्ण गुण देऊ नकोस.

‘देअर आर फोर्टी बेंचेस इन द हॉल’ सारखी वाक्यं दिवाळीच्या सुट्टीनंतर घे. प्रश्न केला तर ‘आर देअर’ असं होतं, म्हणजे कर्त्याच्या जागेवर ‘देअर’ बसलेला दिसतो, पण ‘इज’ की ‘आर’ हे बाक ठरवतात. बाकीच्या कसोट्या पक्क्या झालेल्या मुलांना हा तिढा फार आवडतो. तेव्हा मुलांना दोन्ही बाजू मांडू दे आणि तास संपेपर्यंत तू निकाल सांगू नकोस.