एकतीस इंची हौस

मुळशीकडच्या एका ओढ्यातून वर चढताना जिप्सीचं पुढचं डावं चाक ओल्या दगडाला अडलं. पुण्याच्या एका हौशी गड्यानं स्टिअरिंग पार टोकापर्यंत वळवलं आणि पाय दाबला. लिव्हर फोर-लोमध्येच होती. ‘ठाक्’ असा एकच आवाज आला. त्याला वाटलं, दगड फुटला. फुटला होता चाकाचा सीव्ही जॉइंट.

दोष गाडीचा नव्हताच. जिप्सी किंगचं 1.3 लिटरचं, 80 अश्वशक्तीचं इंजिन आणि 205/70 आर 15 मापाचे टायर हे एकमेकांच्या अंदाजानं बसवलेले असतात. यानं आधी टायर बदलले, थेट 31 इंची. जुन्याचा व्यास सुमारे 67 सेंटिमीटर, नव्याचा जवळपास 79. म्हणजे गिअरबॉक्सला हात न लावता प्रत्येक गिअर 18 टक्क्यांनी जड झाला. स्पीडोमीटर 60 दाखवी तेव्हा गाडी 70 पार केलेली असे. खंबाटकीच्या चढाला पाचवा सोडाच, चौथाही ओढेना. अर्धा क्लच दाबून गाडी खेळवायची सवय लागली आणि क्लचप्लेट जळाली.

इथं टायर परत देऊन टाकले असते तर प्रकरण स्वस्तात मिटलं असतं. पण हौस कधी मागच्या गिअरमध्ये जात नाही. त्यानं ट्रान्सफर केसमध्ये 4.16 चे गिअर बसवले. मूळ लो 2.268 चा. भागाकार केला तर टॉर्क 83 टक्क्यांनी वाढतो. गाडी मुंगीच्या चालीनं दगड चढू लागली, मित्रांनी व्हिडिओ काढले, आणि हा वाढलेला पीळ पुढं कोण सोसणार, हे मात्र कुणी विचारलं नाही.

तो सोसतात ट्रान्सफर केसचे रबरी माउंट, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, एक्सेल आणि पुढचे सीव्ही जॉइंट. लहान टायर अशा वेळी घसरतो आणि भार सुटतो; घरातल्या फ्यूजसारखंच त्याचं काम. रुंद, मोठा टायर घसरतच नाही, मग सगळा पीळ पोलादावर येतो. त्यात चाक पूर्ण वळलेलं असेल तर जॉइंट सर्वांत नाजूक अवस्थेत असतो. मिस्त्रीनं तुकडे हातावर घेऊन सांगितलं, “दादा, जाड एक्सेल टाकू या. मग क्रॉस जाईल.”

म्हणून आता गाडीतल्या बदलांबद्दल कुणी विचारलं तर हा हौशी गडी आधी टायरचा व्यास विचारतो, मग गिअरचं प्रमाण. क्राऊन-पिनियन बदलायचंच असेल तर जोडीनं, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सेलला एकाच प्रमाणाचं. जिप्सीत मधलं डिफरेन्शियल नाही. प्रमाण वेगळं राहिलं तर फोर-व्हील टाकताच दोन्ही एक्सेल एकमेकांशी भांडतात. मागचं डिफरेन्शियल वेल्ड करून घेण्याचा स्वस्त सल्लाही त्याला मिळाला होता. वळणावर आतल्या-बाहेरच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, हे सल्ला देणाऱ्याला माहीत नसावं.

आणखी एक कटकट कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. त्यामुळं पाना उचलण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोन्हीकडं चौकशी झालेली बरी.

त्याच्या गाडीला आता 235/75 चे टायर आहेत. ते मूळ टायरपेक्षा सुमारे 10 टक्के मोठे, आणि नव्या गिअरमुळं हायचं प्रमाणही 12 टक्क्यांनी उतरलेलं. दोन्ही जवळजवळ फिटतात. खंबाटकीला चौथा पुन्हा ओढतो. मागच्या सीटखाली बिस्किटांच्या जुन्या डब्यात ग्रीसमध्ये बुडवलेला जादा जॉइंट असतो, सोबत सर्कलिप काढायची पक्कड.

ओढ्यात जॉइंट फुटला त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं. भर पावसात त्यानं दोन्ही पुढच्या चाकांचे हब हातानं फ्री केले, लिव्हर टू-हायला आणली आणि केवळ मागच्या चाकांवर, स्टिअरिंग कमीत कमी वळवत, गाडी डांबरीपर्यंत आणली. तेवढ्यासाठी दोन तास लागले.